ओपन स्पेसमध्ये बार कुठं, किती उंच आणि खाली काय?

मागच्या अंकात बागेत, मैदानात, कॉलनीच्या मोकळ्या जागेत व्यायामाची साधनं कशी असावीत यावर थोडं लिहिलं होतं. त्यात म्हटलं होतं की खांदे, पाठ, छाती, दंड यांच्यासाठी आपल्याकडं नीट अशी जागाच कुणी आखत नाही, सगळा भर चालण्यावर आणि पाय हलवायच्या मशीनवर. त्यावर सोलापुरातून इतके प्रश्न आले की या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं छापलेली नाहीत, फक्त भाग लिहिलाय.

प्रश्न : सर, आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसला कंपाउंड झालंय, आता ओपन जिमचं चाललंय. कॅटलॉग बघून दहा-बारा मशीन निवडलेत, छाती पुढं ढकलायचं, वरून ओढायचं, गोल चाक, कंबर फिरवायचं, चालायचं असं सगळं आहे. आम्हा काही जणांना वाटतं वरच्या अंगासाठी साधे बारच बसवावेत, तर बाकीचे म्हणतात बार म्हणजे फक्त तरण्या पोरांची सोय. जागा ४० बाय ५० फूट आहे. काय करावं? (जुळे सोलापूर)

उत्तर : बार बसवा. वरून ओढायचं जे मशीन असतं ना, त्यात दांडी ओढली की आपलीच सीट वर उचलली जाते, म्हणजे वजन आपलंच, पण तरफेमुळं त्यातला थोडाच भाग हातावर येतो आणि तो कमी-जास्त करायची सोय बहुतेक मशीनला नसतेच. नवीन माणसाला सुरवातीला बरं वाटतं, मग शरीर सरावतं, आणि तिथून पुढं वाढायला वाव राहत नाही. ताकद वाढायची तर भार हळूहळू वाढत जायला हवा, याला दुसरा रस्ता नाही. शिवाय हलणारा सांधा आला की बेअरिंग आलं, बुश आलं, ग्रीस आलं, आणि ते बघायला माणूस आला. दोन-तीन वर्षं झालेल्या कुठल्याही ओपन जिममध्ये जाऊन जरा वाकून बघा, बुश झिजून दांडी डावी-उजवीकडं लडबडतेय, नट गेला म्हणून तिथं बाइंडिंग वायर गुंडाळलीय, हातातलं रबर फाटून आतला पाईप उघडा पडलाय आणि त्याच्या कडेनं बोट कापतं. जमिनीत पक्का रोवलेल्या बारमध्ये हलणारं काहीच नसतं, म्हणून तो वर्षानुवर्षं टिकतो.

पण "बार म्हणजे पोरांची सोय" असं म्हणणारे लोकही उगाच बोलत नाहीयेत. आपल्याकडं बार म्हणजे आठ फुटांवर एक आडवा पाईप आणि शेजारी छातीइतक्या उंचीचा डबल बार, बस्स. आठ फुटांवर ज्याचा हात पोचतो आणि ज्याला स्वतःचं अख्खं वजन वर ओढता येतं त्यालाच तो कामाचा, म्हणजे कॉलनीतल्या शंभरातल्या किती जणांना ते तुम्हीच मोजा. दोष बारचा नाही, उंचीचा आहे. उंच बारच्या जोडीला खालचे बार लावा, तोच बार आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांचा होतो.

आखणी करताना हाताच्या चार हालचाली डोळ्यासमोर ठेवा : वरून खाली ओढणं, समोरून ओढणं, समोर ढकलणं आणि खाली ढकलणं. वरून ओढण्यासाठी सहा, सात आणि आठ फुटांवर तीन बार एका ओळीत, मधले खांब दोघांत सामाईक, प्रत्येक बार पाच फूट लांब. सात आणि आठ फुटांच्या खांबाला दीड फुटावर पाय ठेवायला छोटी पायरी वेल्ड करून घ्या, म्हणजे ठेंगण्या माणसाला उडी मारावी लागत नाही, आणि ज्याला पुलअप अजून येत नाही तो पायरीवरून पायाचा रेटा देत हनुवटी बारच्या वर नेऊन नुसतं सावकाश खाली उतरायचा सराव करतो. पुलअप शिकायची हीच खरी वाट आहे. उगाच झोके घेऊन वर जायची नाही.

समोरून ओढण्यासाठी तीन फुटांवर एक आणि चार फुटांवर एक बार. बार धरायचा, टाचा जमिनीवर, अंग फळीसारखं ताठ ठेवून मागं झुकायचं आणि छाती बारकडं आणायची. जितकं उभं राहाल तितकं हलकं, जितकं आडवं व्हाल तितकं जड. एकाच बारवर सत्तरीतली बाई आणि पैलवान दोघं आपापल्या भारानं करू शकतात, पाय फक्त पुढं-मागं सरकवायचे. माझ्या मते अख्ख्या जागेतली सगळ्यात मोलाची वस्तू हीच, आणि नेमकी हीच कुठल्या कॅटलॉगात ठळक नसते.

ढकलण्यासाठी एकाच जोडीच्या खांबांवर दीड, अडीच आणि साडेतीन फुटांवर तीन आडवे दांडे घ्या. ज्याला जमिनीवर जोर काढता येत नाहीत त्यानं साडेतीन फुटांवर हात टेकून सुरू करायचं, जमलं की अडीचवर, मग दीडवर, मग जमिनीवर. राहिला डबल बार, तर त्याचे दोन दांडे समांतर न ठेवता एका टोकाला १८ इंच नि दुसऱ्या टोकाला २४ इंच अंतर असे ठेवा, म्हणजे बारीक अंगाचा आणि रुंद खांद्याचा दोघांनाही आपली जागा सापडते. उंची साडेचार फूट. डिप्स मारताना, म्हणजे दोन दांड्यांवर हात टेकून अंग खाली-वर करताना, दंड जमिनीला समांतर होईपर्यंतच खाली जायचं, त्याच्याखाली गेलं की खांद्याच्या पुढच्या भागावर नको तो ताण येतो, हे बोर्डावर लिहाच.

हे सगळं, चहूबाजूंनी पाच-सहा फूट मोकळी जागा धरून, साधारण ३० बाय ३० फुटांत बसतं. उरलेल्यात बाक, झाडं, चालायची वाट. आणि कॅटलॉगमधलं एक मशीन मात्र जरूर ठेवा, ते खांद्याचं गोल चाक, ते का ते पुढच्या एका उत्तरात येतंय.

प्रश्न : ठेकेदार म्हणतोय खाली पेव्हर ब्लॉक टाकू, स्वच्छ राहतं. आमच्याकडं सगळी काळी माती आहे, पावसाळ्यात चिखल होतो म्हणून लोकांनाही ते पटलंय. (विजापूर रोड)

उत्तर : पेव्हर ब्लॉक चालायच्या वाटेला टाका, बारच्या खाली अजिबात नको. सात-आठ फुटांवरून घामट हात सुटला तर माणूस पाठीवर नाहीतर मनगटावर पडतो, आणि खाली ब्लॉक असेल तर काय होईल हे सांगायला नको. बारखाली एक फूट खोल वाळू हा आपल्याला परवडणारा उपाय आहे. उंच बारची ओळ धरली तर २७ बाय १२ फुटांचा खड्डा होतो, म्हणजे सव्वातीन ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) वाळू. नदीची, चाळलेली, गोल दाण्याची वाळू हवी. क्रश सँड टाकू नका, तिचे दाणे टोकदार असतात आणि भुकटीमुळं ती दबून सिमेंटसारखी घट्ट होते. वाळू पायानं बाजूला सरकत राहते, बरोबर बारच्या खाली खळगा पडतो, तेव्हा आठवड्यातून एकदा दंताळ्यानं ओढून सारखी करायची, हे काम कुणाचं ते आधीच ठरवा. मांजरं नि कुत्री येतात ही तक्रार खरी आहे, त्याला रोजची नजर आणि महिन्यातून एकदा वाळू खालीवर करणं एवढाच इलाज.

रबराच्या टाइल्स घ्यायच्या असतील तर निदान ५० एमएम जाडीच्या आणि फिक्या रंगाच्या घ्या आणि सावली असेल तरच घ्या, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या रबरावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. कृत्रिम गवताचंही तेच. आणि खरी हिरवळ लावायचा विचार असेल तर तोही सोडून द्या, जिथं घरातल्या नळाला रोज पाणी नाही तिथं लॉनला कुठून आणणार.

आता काळ्या मातीचं. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, हे दर वर्षी होतं, आणि दीड फुटांवर रोवलेला खांब दोन पावसाळ्यांत कलतो. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्या, तीन फुटांच्या आत मुरूम लागला तरी तीन फूट घ्याच. मुरूम फारच खोल असेल तर सगळे खांब जमिनीखाली एका आरसीसी बीमनं जोडून घ्या, म्हणजे एकटा खांब कलू शकत नाही, आणि अशा वेळी इंजिनिअरकडून तपासून घ्यायचे पैसे वाचवू नका. काँक्रीटचा माथा वाळूच्या वरच्या पातळीपासून किमान एक फूट खाली राहायला हवा, आणि माथ्याला खांबापासून बाहेरच्या बाजूला उतार, म्हणजे पाणी पाईपपाशी थांबत नाही. सात दिवस तरी पाणी मारा. काँक्रीटला धरलेली ताकद २८ दिवसांनी येते, तोवर बारला पोतं गुंडाळून ठेवा, नाहीतर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पोरं लटकलेली असतात आणि खांब कायमचा ढिला होतो.

प्रश्न : मी विडी घरकुलात राहते. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, संध्याकाळपर्यंत मान आणि खांदे दगडासारखे होतेत. आमच्या इथं बार लावणार म्हणे, पण तिथं सगळी पोरंच असणार, आम्ही बायका जाऊन काय करणार ओ? (विडी घरकुल)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण सार्वजनिक व्यायामाच्या जागेची सगळ्यात जास्त गरज ज्यांना आहे त्याच बायका तिथं येत नाहीत. विडी वळताना काय होतं बघा, मान खाली, खांदे पुढं, दोन्ही हात छातीसमोर आणि बोटं सतत चालू, तासन् तास. छातीचे स्नायू आखडतात आणि दोन फऱ्यांमधले, म्हणजे खांद्यामागच्या दोन चपट्या हाडांमधले, पाठीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेतच दमून जातात. याला बरोबर उलटी हालचाल म्हणजे समोरून ओढणं, वर सांगितलेल्या चार फुटांच्या बारवरची. साडीवर सहज होते, कुठं वाकायचं नाही, बारखाली शिरायचं नाही. बार धरून जरासं मागं झुकायचं, कोपर अंगाजवळून मागं नेत छाती बारकडं आणायची, वर आल्यावर दोन्ही फऱ्या एकमेकींकडं दाबून दोन सेकंद थांबायचं, सावकाश मागं जायचं. आठ-दहा वेळा, मध्ये दम खाऊन असं तीनदा, एक दिवसाआड. पंधरा मिनिटांच्या वर लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांतही मोठ्या माणसांना आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितलाय, तो चालण्याच्या जोडीला, चालण्याच्या ऐवजी नव्हे. फक्त एक सांभाळा, बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर आधी डॉक्टरला दाखवा.

आता पोरांचं. ही अडचण तुमच्या संकोचाची नाही, नकाशाची आहे, आणि ती जागा आखणाऱ्यांनीच सोडवायची. खालचे बार आणि उंच बार शेजारी-शेजारी लावले की पोरं खालच्या बारवर शर्ट टांगतात, मोबाईल ठेवतात, त्यावर बसून गप्पा मारतात. म्हणून खालचे बार वेगळे, मध्ये पंधरा-वीस फूट अंतर, शक्यतो चालायच्या वाटेला लागून, म्हणजे फिरायला आलेल्या बायका तिथल्या तिथं थांबू शकतात. जागा रस्त्यावरून दिसणारी हवी, पण पानटपरीच्या तोंडासमोर नको, आणि मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तर मुळीच नको. आत-बाहेर यायला दोन वाटा. दिवा दोन बाजूंनी, म्हणजे अंगाची सावली पडून पुढचं दिसेनासं होत नाही. बाक बारकडं तोंड करून न ठेवता वाटेकडं तोंड करून ठेवा. बोर्डावर चित्रं मोठी आणि मजकूर मराठीच्या जोडीला तेलुगू, कन्नड, उर्दूतही हवा, सोलापुरात निम्म्या गल्ल्यांत घरची भाषा वेगळी असते हे महापालिकेला सांगायची गरज पडू नये.

आणि तुमच्याकडं अजून बसवायचंच चाललंय, म्हणजे वेळ गेलेली नाही. पाच-सहा जणी मिळून जा आणि सांगा की चार फुटांचा आणि साडेतीन फुटांचा बार आम्हाला हवा. जी वस्तू आपण मागून घेतो ती आपली वाटते.

प्रश्न : पाईप कुठला घ्यावा? एकजण स्टेनलेस स्टील म्हणतो, एकजण साधा पाईप घेऊन पावडर कोटिंग म्हणतो. (अक्कलकोट रोड)

उत्तर : दोन्ही नको. हातात धरायच्या बारला २५ एनबी म्हणजे बोलीभाषेतला एक इंची पाईप घ्या, त्याचा बाहेरचा व्यास ३३.७ एमएम येतो, मुठीत नीट बसतो. बहुतेक ठिकाणी दिसायला मजबूत म्हणून दीड इंची लावतात, तो बाहेरून ४८.३ एमएम भरतो, बाईच्या किंवा कॉलेजच्या पोराच्या हाताची बोटं त्याभोवती पुरती मिटत नाहीत आणि पकड सुटते. जाडी मात्र हेवी क्लासची, आयएस १२३९ या पाईपच्या भारतीय मानकात सी क्लास, लाल पट्टा असतो, त्यात २५ एनबीला भिंत ४ एमएमची मिळते. पाच फुटांच्या वर बार लांब करू नका, वाकतो. खांबाला ८० एनबी पुरतो, तो बाहेरून ८८.९ एमएम.

पावडर कोटिंग उन्हानं फिकं पडतं, अंगठ्या-कड्यांनी खरवडलं जातं, आणि एकदा चीर पडली की त्याच्याखाली गंज पसरत जातो, वरून दिसतही नाही. हॉट डिप गॅल्व्हनायझिंग करून घ्या, म्हणजे वितळलेल्या जस्तात अख्खा सांगाडा बुडवून काढतात, आतून-बाहेरून थर बसतो. क्रम महत्त्वाचा आहे, आधी सगळं वेल्डिंग, ग्राइंडरनं कडा गुळगुळीत, जस्त आत-बाहेर खेळायला आणि वाफ निघायला भोकं, मग बुडवणं. गॅल्व्हनाइज्ड पाईप आणून साइटवर वेल्ड केला तर वेल्डच्या जागी जस्त जळून जातं आणि गंज तिथूनच सुरू होतो. बुडवून झाल्यावर पाईपची उघडी तोंडं टोपी लावून बंद. खांब सगळ्यात आधी सडतो तो जमिनीलगत, म्हणून काँक्रीटच्या थोडं आतून ते वाळूच्या सहा इंच वरपर्यंत डांबरी पेंटचे दोन हात द्या. स्टेनलेस महाग, घामानं जास्त निसरडं, आणि समुद्रापासून इतक्या लांब कोरड्या हवेत त्याची गरजही नाही. तो पैसा वाळूत घाला.

प्रश्न : मार्च लागला की दुपारी सोडाच, सकाळी नवाला पण बारला हात लागत नाही. शेड टाकावी का? (होटगी रोड)

उत्तर : शेड टाकली तर उंच, निदान बारा फूट, म्हणजे वर हनुवटी काढणाऱ्याचं डोकं आणि लटकून पाय उचलणाऱ्याचे पाय दोन्ही मोकळे राहतात. पण पैसे मोजकेच असतील तर झाडच लावा. कडुलिंब किंवा करंज, दोन्ही आपल्या हवेत कमी पाण्यावर जगतात. गुलमोहर नको, त्याच्या फांद्या ठिसूळ असतात, वादळात मोडून खाली येतात. सकाळी येणारे जास्त असतील तर झाड पूर्वेला, संध्याकाळचे जास्त असतील तर पश्चिमेला, दोन्ही बाजूंना जमलं तर उत्तमच. आणि बारची ओळ पूर्व-पश्चिम धरा, म्हणजे लटकणाऱ्याचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला होतं, उगवता-मावळता सूर्य थेट डोळ्यात येत नाही. बार रोवल्यावर दिशा बदलता येत नाही, म्हणून चुना टाकून आखणी कराल तेव्हाच हे बघा. झाडाला आधी जागा मिळाली पाहिजे, खड्डा बारच्या कामाबरोबरच घ्या, नंतर कुणी घेत नाही.

प्रश्न : आम्ही गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, नंदीध्वज धरणारी पोरं. भार कमरेच्या पट्ट्यावर असतो पण ध्वज ताठ ठेवायला हात, मनगट, पाठ सगळं लागतं. आमच्या भागातल्या मैदानात सराव व्हावा असं काय बसवता येईल? (बाळीवेस)

उत्तर : हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. सात नंदीध्वज ६८ लिंगांच्या वाटेनं फिरतात तेव्हा बघणाऱ्याला भक्ती दिसते, त्यामागचा आधीपासूनचा रात्रीचा सराव दिसत नाही. तुमच्यासाठी दोन गोष्टी. वर मी जाड पाईप नको म्हटलं ते सगळ्यांसाठी, पण तुमच्या मैदानात सात फुटांवर एक बार मुद्दाम ४० एनबीचा, म्हणजे ४८.३ एमएमचा लावा. जाड बारला नुसतं लटकून राहिलं तरी मनगट ते कोपर सगळं कामाला लागतं. तुमच्यातल्या कुणाचे खांदे आधी निखळलेले असतील तर त्यानं पाय जमिनीला टेकवूनच लटकायचं. दुसरं, पन्नास-साठ फुटांची सपाट, दाबलेल्या मुरुमाची सरळ पट्टी मोकळी ठेवा. दोन हातात दोन सारखी वजनं घेऊन पाठ ताठ ठेवून त्या पट्टीवर सावकाश चालायचं, मग एकाच हातात घेऊन चालायचं, एका बाजूला झुकू न देता. ध्वज कलायला लागला की जे स्नायू तुम्ही वापरता ते हेच. वजन म्हणून वाळू भरलेले कॅन चालतात, ते तालमीत ठेवा, मैदानात ठेवले की जातात.

प्रश्न : वय ६८, साखर आहे, डावा खांदा वर जात नाही. रोज कंबर तलावाला फिरायला जातो. बारला लटकलं की खांदा सुटतो असं एकानं सांगितलं. (सात रस्ता)

उत्तर : काका, लटकू नका. साखर असणाऱ्यांत खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं आणि आखडलेल्या खांद्यावर एकदम अख्खं वजन टाकणं म्हणजे दुखणं वाढवून घेणं. आधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट. ते हो म्हणाले की खांद्याचं गोल चाक तुमच्यासाठीच आहे, म्हणून तर ते ठेवा म्हटलं. दुखेल त्याच्या अलीकडं थांबत गोल फिरवायचं, दोन्ही दिशांनी. खांबाशी उभं राहून बोटांनी वर वर चढत जायचं, कालच्यापेक्षा जरा वर. उजव्या हाताची आणि छातीची ताकद टिकवायला साडेतीन फुटांच्या दांड्यावर हात टेकून उभ्या-उभ्या जोर, तेही दोन्ही खांद्यांना झेपतील एवढेच. ६५ च्या पुढं आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम सांगितलेला आहे, नुसतं फिरणं त्याची भरपाई करत नाही. जागा आखणाऱ्यांना एक सांगणं, चाकापर्यंत पक्की, चार-पाच फूट रुंद वाट न्या आणि त्याखाली वाळू नको, काठीवाल्याची काठी आणि व्हीलचेअरचं चाक वाळूत अडकतं. चाक दोन उंचीवर असेल तर बसूनही फिरवता येईल.

प्रश्न : बारच्या शेजारी एक मल्लखांब पुरावा अशी सूचना आलीय. (नवी पेठ)

उत्तर : बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुढं आणलेली ही आपलीच कला, आणि वरच्या अंगाला याच्यासारखा व्यायाम नाही. तरीही उघड्या मैदानात, शिकवणारं कुणी नसताना, पुरू नका. खांबाला एरंडेल लागतं, खाली गाद्या लागतात, उलटं लटकणाऱ्या पोराला धरायला माणूस लागतो. ठरलेल्या वेळी शिकवणारा येणार असेल आणि बाकी वेळ कुंपणाला कुलूप असेल, तर जरूर.

प्रश्न : लहान मुलं बारवर चढतात. बंदी घालावी का? (अशोक चौक)

उत्तर : पाटी लावून मुलं थांबत नाहीत. युरोपात उघड्यावरच्या व्यायामसाधनांचं जे मानक आहे, ईएन १६६३०, ते १४० सेंटिमीटरपेक्षा उंच माणसांसाठी धरलेलं आहे, तेवढी मर्यादा बोर्डावर लिहा. खरा उपाय म्हणजे घसरगुंडी-झोपाळे दुसऱ्या टोकाला आणि तिथंच मुलांच्या हाताला येईल असा चार-पाच फुटांचा स्वतंत्र बार, खाली वाळू. त्यांची लटकायची हौस तिथं भागते.

प्रश्न : हे सगळं मंजूर कसं करून घ्यायचं? अर्ज दिला की ठरलेला मशीनचा सेटच येतो. (जुळे सोलापूर)

उत्तर : सेट येतो कारण अर्जात "ओपन जिम बसवावी" एवढंच लिहिलेलं असतं. आधी मंजूर लेआउटची प्रत काढून ती जागा ओपन स्पेस म्हणूनच आहे आणि महापालिकेच्या ताब्यात आहे हे बघा, ताबा झालेला नसेल तर निधी अडतो. मग नगरसेवक, आमदार निधी किंवा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडची व्यायामशाळा विकास अनुदानाची योजना, यातलं जे तुमच्या जागेला लागू पडेल ते. योजनेच्या चालू अटी कार्यालयातून लेखी घ्या.

अर्जाला हातानं काढलेला का होईना, मापांचा नकाशा जोडा : बारची उंची, पाईपचा एनबी नि क्लास, वेल्डिंगनंतर हॉट डिप, खड्ड्याची खोली, वाळूचे ब्रास, झाडांच्या जागा. सह्यांत बायकांच्या सह्या निम्म्या तरी असू देत, म्हणजे खालचे बार कुणी खोडत नाही. एस्टिमेट तयार झालं की त्याची प्रत मागा आणि ओळ न् ओळ वाचा, कारण पैसे कमी पडले की पहिली कात्री वाळूला लागते, लोखंड तेवढं राहतं. म्हणून वाळू, तिच्या भोवतीची बोथट कड आणि दोन वर्षांची दुरुस्ती हे तीन आयटम वेगवेगळे लिहून घ्या. काम झाल्यावर बिल निघायच्या आत टेप घेऊन मोजा, एका बारला तिघांना एकदम लटकवून खांब हलतो का बघा, कारण पोरं तसंच लटकणार आहेत, आणि वाळूत फूटभर काठी घालून खोली तपासा. नकाशा तयार झाला की खड्डे घेण्याआधी त्याचा फोटो सदराच्या पत्त्यावर पाठवा, मापं मी तपासून देतो.